बॅरन आयलंडवर उतरता येतं का? मुलीच्या प्रोजेक्टसाठी विचारतोय

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी, डिसेंबरात सहकुटुंब अंदमानला चाललोय. मुलगी ठाण्याला बीएस्सी करतेय, बॉटनी, आणि तिने डोक्यात घेतलंय की तिथल्या ज्वालामुखीच्या बेटाला, बॅरन आयलंडला जाऊन लाव्हावर काय काय उगवलंय ते बघायचं, जमलं तर दोनचार दगड न् थोडं शेवाळ प्रोजेक्टला आणायचं. इकडचा एक टूरवाला म्हणतो "उतरवतो की, वरचे पैसे पडतील", पण मला त्याचं काही खरं वाटत नाही. आणि एक प्रामाणिक शंका, निर्मनुष्य बेट, चोरण्यासारखं काही नाही, तिथे पाच मिनिटं पाय ठेवला तर बिघडतं काय?

पारसिकचा_दगड
टूरवाल्याला एक रुपया देऊ नका. बेटावर उतरायला परवानगी नाही, बोटीतून लांबून बघायचं आणि परत फिरायचं, त्यातही फॉरेस्टची परमिशन लागते. बेट अभयारण्य आहे त्यामुळे दगड-शेवाळ खिशात घालणं हा सरळ गुन्हा. शिवाय तो भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे हो, शोपीस नाही. २०१७ च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक, अभय मुधोलकर आणि त्यांची टीम, सिंधू संकल्प जहाजावरून तिथल्या समुद्रतळाचे नमुने घेत होते, अचानक राख उडायला लागली. दिवसा नुसता राखेचा ढग दिसायचा, सूर्य मावळल्यावर कळलं की तोंडातून लाल लाव्हा उसळतोय. साधारण मैलभर लांब राहूनच त्यांनी सगळं टिपलं. एवढी साधनसामग्री असलेले जवळ जात नाहीत, तिथे तुमचा टूरवाला नेणार!

येऊरची_वाट
पाय ठेवल्याने काय बिघडतं त्याचं उत्तर आइसलँडमध्ये आहे. १९६३ च्या नोव्हेंबरात समुद्रातून सुर्त्से नावाचं नवंकोरं बेट वर आलं, उद्रेक १९६७ पर्यंत चालू होता, आणि तेवढ्यातच १९६५ ला त्यांनी ते राखीव करून टाकलं, फक्त संशोधकांनी जायचं. कारण काय तर कोऱ्या जमिनीवर जीव स्वतःहून कसा पोचतो हे पहिल्या दिवसापासून बघायची संधी फार क्वचित मिळते. त्याच वर्षी पहिलं रोप सापडलं, लाटांबरोबर आलेल्या बियांचं. मग शेवाळ, दगडफूल वगैरे, पण खरी मजा पुढे आहे, १९८६ पासून सीगल मोठ्या संख्येने घरटी करायला लागले आणि त्यांच्या विष्ठेच्या खतावर काळ्या लाव्हात हिरवा पट्टाच तयार झाला.

आता ऐका. एकदा तिथे चक्क टोमॅटोचं झाड मिळालं! सगळे चक्रावले, टोमॅटो पोहत आला की उडत? नंतर उलगडा झाला की आलेल्यांपैकी कुणीतरी लाव्हाच्या आडोशाला "मोकळं" होऊन आलं होतं 😂 झाड उपटलं, खालचा ऐवजही उचलून नेला. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, कारण एक चुकीचं बी पडलं की पुढची सगळी नोंद संशयाची होते, हे वाऱ्याने आणलं, पक्ष्याने आणलं की माणसाने, कोण सांगणार? म्हणून आता जाणाऱ्यांचे कपडे-बूटसुद्धा तपासतात.

घणसोली_सेक्टर_नऊ
पक्ष्यांचं म्हणाल तर आमच्या सोसायटीच्या टाकीमागे दरवर्षी पिंपळ उगवतो, सेक्रेटरी दरवर्षी उपटतो, कावळे दरवर्षी पेरतात, त्याला कुणी राखीव म्हणत नाही 😄 पण सीरियसली, बॅरनवर ऑलरेडी बकऱ्या आहेत ना? उंदीरही आहेत म्हणे. ब्रिटिश काळात जहाजातून सोडलेल्या बकऱ्या चालतात आणि आमच्या बुटांनी विटाळ होतो, हे काय लॉजिक?

येऊरची_वाट
चूक झाली आहे म्हणून तीच पुन्हा करायची का? गॅलापागोसमध्ये पिंटा बेटावर १९५९ ला तीन बकऱ्या सोडल्या, फक्त तीन, पुढे त्यांच्या हजारो झाल्या आणि बेट बोडकं केलं. तिथल्या कासवांपैकी शेवटचा तो लोन्सम जॉर्ज, २०१२ ला गेला, त्याच्याबरोबर जातच संपली. तिथल्या दुसऱ्या बेटांवर शेवटच्या लपलेल्या बकऱ्या शोधायला रेडिओ कॉलर लावलेल्या बकऱ्या सोडाव्या लागल्या, बकरी कळपाशिवाय राहत नाही ना, ती बरोबर बाकीच्यांकडे जाते आणि मागून माणसं पोचतात. सोडणं एका दिवसाचं काम, निस्तरायला वर्षं लागली. आपल्याकडेही बॅरनच्या उत्तरेला नारकोंडम आहे, तोही ज्वालामुखीच पण निद्रिस्त, तिथला धनेश पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाही. पोलीस चौकीच्या बकऱ्या तिथली रोपं खात सुटल्या होत्या, शेवटी हलवाव्या लागल्या.

ऐरोलीकर
टोमॅटोचा किस्सा मुलीला वाचून दाखवला, घरात अर्धा तास हसतायत सगळे. टूरवाल्याला नको म्हणून कळवलं. पण आता प्रोजेक्टचं काय करायचं? बाईसाहेब रुसल्यात.

पारसिकचा_दगड
इथेच करा की. डार्विनने तितराच्या पायाला चिकटलेला मातीचा गोळा वाळवून ठेवला होता, मग भिजवला, त्यातून ८२ रोपं आली. तिला म्हणावं पावसाळ्याच्या शेवटी ठाण्याच्या येऊरच्या जंगलात एक चक्कर मार, आल्यावर बुटाच्या खाचांतला चिखल खरवडून घे, सॉक्सला चिकटलेली कुसळं न् आघाडा वेगळा काढ. चिखल ट्रेमध्ये, ट्रेला वर बारीक जाळी म्हणजे बाहेरचं बी पडत नाही, आणि बाजूला उकळून घेतलेल्या मातीचा दुसरा ट्रे तुलनेला. रोज पाणी, रोज फोटो. महिन्याभरात काय उगवतं ते ओळखायचं.

घणसोली_सेक्टर_नऊ
येऊर पण नॅशनल पार्कात येतं हां, वाटेवरूनच चालायला सांगा, झाडं उपटून आणाल तर तिकडेही गुन्हाच. बुटाला लागलेल्या चिखलाला कुणी अडवत नाही.

ऐरोलीकर
जाळी कुठली, मच्छरदाणीची चालेल का?

पारसिकचा_दगड
पळेल. फक्त ट्रे गॅलरीत ठेवा, टाकीमागे नको, तिथे कावळे आहेत.