प्रति: पालक कुटुंबातल्या मुलांसाठी रविवारचा वेळ

वर कुणीतरी विचारलंय, पालक कुटुंबात, म्हणजे आई-वडिलांऐवजी सांभाळायला घेतलेल्या दुसऱ्या घरात, राहणाऱ्या मुलांकडे दर रविवारी खाऊ-वह्या घेऊन गेलं तर चालेल का? चालेल की ओ, पण खाऊ वाटणारे बेळगावात पुष्कळ आहेत. एकच मूल धरा आणि वर्षभर सोडू नका. सहा महिन्यांनी गायब होणार असाल तर जाऊच नका. त्या पोरांनी आधीच बरीच माणसं जाताना बघितलीत.

आपल्याकडे आणखी एक भानगड. खानापूरकडचं मराठी पोर कन्नड बोलणाऱ्या घरात गेलं की गप्प होतं, आणि शाळेचे, कचेरीचे कागद तर बहुतेक कन्नडात. दोन्ही वाचणारा माणूस तिथे सोन्यासारखा. मी धरलेला पोरगा दहावीत पहिला, पण बँकेची पैसे काढायची स्लिप हातात दिली तर घाम फुटला. रक्कम अक्षरी कुठल्या भाषेत लिहायची इथपासून सुरुवात. शिकवणी म्हणजे हीच.

अठरानंतरचं आत्ताच बघून ठेवा. 2015 च्या बालन्याय कायद्यात (कलम 46) बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना 21 वर्षांपर्यंत आर्थिक मदतीची तरतूद आहे, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत महिना 4000 रुपये. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज लागतो, आणि मुलांना हे कुणी सांगतच नाही.

भेटी मात्र परवानगीनेच. आणि फोटो स्टेटसला टाकायची हौस असेल तर त्याच कायद्याचं कलम 74 वाचा, अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे.