खानावळीत रोख बंद करून फक्त क्यूआर ठेवावा का? (महिना १५० च्या आत)

पोळीभाजी_मिरज :
नमस्कार. मी आणि माझी जाऊ मिळून मिरजेत दवाखान्यांच्या भागात पोळी-भाजी केंद्र चालवतो. दुपारी राईसप्लेट ६५ रुपये, शिवाय महिन्याचे डबे. गिऱ्हाईक निम्मं विद्यार्थी, निम्मं पेशंटचे नातेवाईक, म्हणजे जत, अथणी, विजापूरकडची माणसं. रात्री गल्ल्याचा हिशेब लागत नाही, आणि सुट्ट्यांवरून रोज कुणाशी तरी वाजतं. म्हणून १ तारखेपासून रोख बंद करावी म्हणते. हे जमेल का? आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा (साउंडबॉक्स) कुठला घ्यावा? महिन्याला १५० रुपयांच्या वर खर्च करायचा नाही. स्वतःचे अनुभव सांगा.

तन्मय_कोथरूड :
ताई, नुसता साउंडबॉक्स घेऊच नका. आमच्या कॅफेत बिलिंग मशीन आहे. कार्ड, यूपीआय, बिल, स्टॉक सगळं एकात. अठरा-वीस हजारांत येतं, वर सॉफ्टवेअरचे दरवर्षी वेगळे. पण रात्री हिशेब बघायलाच लागत नाही. मी स्वतः तर पाकीट बाळगणं कधीच सोडलंय.

अण्णा_जयसिंगपूर :
त्या १५० म्हणतायत आणि तू वीस हजार सांगतोयस. कॅफे आणि खानावळीत फरक असतो बाबा.
ताई, २०१९ च्या ऑगस्टात पाणी आलं तेव्हा तुम्ही इथेच असाल. वीज नाही, टॉवर नाही, एटीएम बंद. आमच्या गल्लीत ज्याच्याकडे नोटा होत्या त्याच्याच घरात दूध येत होतं. रोख बंद करू नका. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण हेच सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही.

निवांत_पाटील :
साउंडबॉक्स घ्या. आमच्या मेडिकलमध्ये एक पोरगा नुसता स्क्रीनशॉट दाखवून औषधं घेऊन जायचा. खोटी पावती बनवणारी अ‍ॅप असतात म्हणे. डबा बोलला तरच माल द्यायचा. भाडं शंभर-सव्वाशे, तुमच्या बजेटात बसेल. आवाज मात्र मोठा बघून घ्या, आमचा पहिला डबा कुजबुजायचा.

सई_स्टॉकहोम :
मी राहते तिथे सिटी बसमध्ये रोख घेतच नाहीत. आम्हाला सोयीचं आहे, पण सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा त्यांना एकटीने बाहेर सोडायची भीती वाटायची. इथलं स्विश (मोबाईलवरून पैसे द्यायचं अ‍ॅप) वापरायला इथला पर्सनल नंबर आणि इथलं बँक खातं लागतं, पाहुण्यांकडे दोन्ही नसतं. आणि गंमत म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारनेच घरोघर पुस्तिका पाठवली : युद्ध किंवा संकट आलं तर निदान आठवडाभर पुरेल एवढी रोख घरात ठेवा, वेगवेगळ्या किमतीच्या नोटांत. एवढं सगळं कॅशलेस करून शेवटी हे!

तन्मय_कोथरूड :
मिरजेत युद्ध होणार नाहीये 😀

अण्णा_जयसिंगपूर :
युद्ध नको, १२ एप्रिल २०२५ आठव. हनुमान जयंती होती, यूपीआय देशभर झोपलं होतं. नारळवाल्यापुढे सगळे मोबाईल वर धरून उभे.

मुरबाडकर :
कॅशलेस म्हटलं की आमच्याकडचं धसई आठवतं. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. मंत्री आले, दुकानदारांना स्वाइप मशिनं वाटली, टीव्हीवाले वडापाव कार्डावर घेऊन दाखवत होते. पुढे नोटा मुबलक झाल्या आणि बाजार परत रोखीवर. मशीनने पैसे घेता येतात, पण गिऱ्हाईकाच्या खिशात कार्ड नसेल तर मशीन काय करणार?

निवांत_पाटील :
ते कार्डाचं झालं. आता भाजीवाल्या मावशी पण क्यूआर लावून बसतात, धसईचं उदाहरण जुनं झालं. तरी साउंडबॉक्स घ्याच.

वैशाली_इचल :
माझं ऐका, हे कुणी सांगितलं नाही अजून. आमच्या साडीच्या दुकानात एकाने साडेतीनशेच्या आसपास यूपीआय केलं. ते पैसे कुठल्याशा ऑनलाइन फसवणुकीतून फिरत आलेले. तक्रार दुसऱ्या राज्यात, आणि बँकेने आमचं अख्खं खातं गोठवलं. साडेतीनशे नव्हे, अख्खं! गृहकर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जायचा, तो परत गेला. पत्रव्यवहार करून करून जीव मेटाकुटीला आला. तेव्हापासून क्यूआरला वेगळं चालू खातं, आणि रोज रात्री त्यातले पैसे घरखात्यात. ताई, तुमचा क्यूआर कुठल्या खात्याला आहे?

पोळीभाजी_मिरज :
क्यूआर मुलाच्या नावावर आहे, तो पुण्याला असतो. पैसे आले की त्याला मेसेज येतो, मग मी फोन करून विचारते. लेक्चर चालू असलं की उचलत नाही, आणि गिऱ्हाईक ताटासमोर ताटकळत बसतं.

निवांत_पाटील :
अहो मग डब्याआधी खातं तुमच्या नावावर घ्या की!!

वैशाली_इचल :
बघा. हिशेब लागणार कसा? तो गल्ल्यात नाही, पुण्यात आहे.

दहाचं_नाणं :
सुट्ट्यांचा प्रश्न लोकांनीच करून ठेवलाय. आमच्या भागात दहाचं नाणं कुणी घेत नाही. रिझर्व्ह बँकेने कितीदा सांगितलं सगळ्या नक्ष्यांची नाणी खरी आहेत म्हणून. नाणे कायदा २०११ प्रमाणे १००० रुपयांपर्यंतचं देणं रुपयाच्या आणि त्यावरच्या नाण्यांत फेडता येतं.

अण्णा_जयसिंगपूर :
माझ्याकडे बरणीभर आहेत, पाठवू का?

दहाचं_नाणं :
पाठवा, मी घेतो.

तन्मय_कोथरूड :
धागा भरकटतोय. ताई, दहा वर्षांनी नोटा फक्त संग्रहालयात दिसतील.

जमाखर्च :
सीए आहे. पहिलं, बँक खात्यातून आलेल्या साध्या यूपीआयवर दुकानदाराला कमिशन नाही, जानेवारी २०२० पासून. रुपे क्रेडिट कार्डाचं आणि वॉलेटचं गणित वेगळं, ते सुरू करण्याआधी दर विचारा.
दुसरं, कुणी घाबरवण्याआधीच सांगतो : जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूला छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि त्यांनी "नो यूपीआय" पाट्या लावल्या. पण जीएसटी नोंदणीची मर्यादा उलाढालीला आहे, पैसे कसे आले याला नाही. जेवण देणं सेवेत मोडतं, म्हणून तुम्हाला वर्षाला २० लाख. उलट आयकरात छोट्या धंद्याचा नफा अंदाजाने धरायची सोय आहे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडी), तीत डिजिटल जमेवर नफा ६ टक्के धरतात, रोखीवर ८. आणि मुलाच्या खात्यात तुमच्या धंद्याचा पैसा येतोय तो प्रकार आधी थांबवा. नोटीस आली तर त्याला येईल.

मुरबाडकर :
म्हणजे रोखीवाल्याने कर भरायचाच नाही असं लोक समजतात ते चूक?

जमाखर्च :
हो, चूक. आणि यावर मी लग्नाकार्यात फुकट सल्ले देत नाही, इथेच काय तो.

सई_स्टॉकहोम :
पेशंटच्या नातेवाइकांचा विचार करा. साधा फोन असतो, त्यातलं यूपीआय १२३पे कुणाला माहीत नसतं. दवाखान्यात धावपळ करून आलेल्या म्हाताऱ्याला "रोख चालत नाही" सांगणार का?

निवांत_पाटील :
दोन्ही ठेवा. आणि साउंडबॉक्स.

अण्णा_जयसिंगपूर :
+१, दोन्ही. मी पहिल्यापासून म्हणतोय.

वैशाली_इचल :
दोन्ही ठेवा पण वेगळं खातं.

पोळीभाजी_मिरज :
सगळ्यांचे आभार. काल जाऊबाईंशी बसून बोलले. ठरलं ते असं : काउंटरवरचा क्यूआर काढून टाकला. राईसप्लेटला फक्त रोख. महिन्याचे डबेवाले तेवढे ऑनलाइन देतील, महिन्यातून एकदा, माझ्या नावाच्या नव्या चालू खात्यात. प्रत्येकाचं नाव दिसतं, वहीशी ताळा लागतो. अनोळखी माणसाचा ऑनलाइन पैसा घ्यायचाच नाही, म्हणजे गोठायची भीतीही तेवढी कमी. दुपारी एक वाजता माझे दोन्ही हात कणकेत असतात, मोबाईल बघणार कोण? बोलणारा डबा घेत नाही. १५० वाचले.

तन्मय_कोथरूड :
म्हणजे रोख बंद करायला आला होतात आणि क्यूआर बंद करून चाललात. विद्यार्थी दुसरीकडे जातील हो ताई, त्यांच्या खिशात दमडी नसते.

पोळीभाजी_मिरज :
विद्यार्थी बहुतेक डब्यावरच आहेत माझ्याकडे. जे नाहीत ते मित्राकडून घेतात.

निवांत_पाटील :
आणि सुट्टे? ६५ ला शंभर दिले की ३५ परत. मूळ भांडण तेच होतं ना?

पोळीभाजी_मिरज :
राईसप्लेट ८० केली, सोबत वाटीभर ताक. शंभरला विसाची एक नोट परत. विसाच्या नोटा दूधवाल्याकडून मिळतात.

दहाचं_नाणं :
दहाची दोन नाणी दिली तर चालतील का परत?

पोळीभाजी_मिरज :
जाऊबाई नाही म्हणतात.

अण्णा_जयसिंगपूर :
पुढच्या आठवड्यात पुतण्याला घेऊन दवाखान्यात यायचंय मिरजेला. रविवारी चालू असतं का? आणि ताकात मीठ कमी घाला, बीपी आहे.