सायकल, खाडी आणि एक अख्खा दिवस: तुमचे अनुभव लिहा

अनघा_नेरूळ

काल बऱ्याच दिवसांनी उरण लोकलमध्ये बसले. खारकोपर मागे पडलं आणि खिडकीतून तिवरं दिसली, मधे साचलेलं पाणी, त्यात स्तब्ध उभे बगळे. एकदम अण्णांची हिरवी सायकल डोळ्यांसमोर आली आणि उरण येईपर्यंत गेली नाही.

1997 चा डिसेंबर. मी नववीत, दादा बारावीत. अण्णांना आठवड्यातून एकच सुट्टी, आणि त्यांनी ठरवलं की चिरनेरला सायकलने जायचं. आई नको म्हणत राहिली आणि दशम्या बांधत राहिली. पहाटे साडेपाचला नेरूळहून निघालो. किल्ला जंक्शन, आम्र मार्ग, खाडीपूल. न्हावा-शेवा बंदर 1989 ला सुरू झालं होतं, त्यामुळे ट्रेलर तेव्हाही असायचे. उजाडायच्या आत गव्हाण फाटा गाठायचा, हा अण्णांचा हट्ट त्यासाठी.

फाट्यावरून आत वळलो आणि आवाजच बंद झाला. भात कापून झालेली शेतं, खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या, धुकं गुडघ्याएवढं. अण्णा कधीच पुढे पळायचे नाहीत. जो मागे असेल त्याच्या वेगाने चालायचं, एवढा एकच नियम. दिघोड्याच्या अलीकडे दादाची ट्यूब बसली. अंगणात दात घासत असलेल्या एका काकांनी न विचारता घमेल्यात पाणी आणलं. बुडबुडे शोधण्यात, पॅच सुकेपर्यंत चहा पिण्यात तास गेला. अण्णांनी घड्याळ बघितलंच नाही.

पुढे डोंगर जवळ येतो, झाडी दाट होते, हवा बदलते. चिरनेरच्या महागणपतीच्या देवळात फरशीवर आडवे झालो. नंतर तळ्याकाठी दशम्या आणि लसणाची चटणी. येऊन-जाऊन पन्नास-साठ किलोमीटर असेल, पण आम्ही दिवेलागणीला घरी पोचलो.

अण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली. तुमचेही असे दिवस असतील ना? लिहा. लांबचेच हवेत असं नाही.

चिंबोरी

दशम्या!! तिथेच अडकले मी. कुकर लावलाय, परत येते.

जासईकर

ताई, आमच्या दारावरून गेलात की. गव्हाण फाट्याच्या पुढे सरळ गेलं की आमचं जासई. मी शाळेत असताना वडिलांच्या सायकलच्या दांड्यावर बसून मिठागरावर जायचो. भरतीचं पाणी बांधाच्या दारातून आत घ्यायचं, वाफ्यात पसरायचं, मग ऊन आणि वारा काम करतात. मार्च-एप्रिलला पांढरे ढीग असे चमकायचे की डोळे उघडत नसत. सायकलच्या चेनला दर दोन दिवसांनी तेल, नाहीतर खारी हवा ती खाऊन टाकते. ही सवय अजून आहे.

त्यातलं बरंचसं गेलं. जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी गेली. त्याविरुद्धच्या आंदोलनात 16 आणि 17 जानेवारी 1984 ला आमच्या भागातले पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. सायकलने जाणाऱ्यांनी जासईच्या हुतात्मा स्मारकापाशी पाच मिनिटं थांबावं, एवढी विनंती.

अनघा_नेरूळ

@जासईकर, थांबेन. नक्की.

येऊरचा_पाऊस

आम्ही ठाण्याचे, आमचं सगळं येऊर. उपवनवरून चढ सुरू झाला की मित्र एकेक करून उतरायचे. मी पहिल्यांदा न उतरता वर पोचलो तो दिवस लग्नापेक्षा जास्त लख्ख आठवतो (बायको हे वाचते, तिला माहीत आहे). वर वारली पाड्यांपाशी पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बायका बसतात. जूनमध्ये शेवळं. खाजऱ्या भाजीला काकडं (आंबट रानफळं) घालायची हे तिथल्या एका आजीने शिकवलं.

चिंबोरी

काकडं नसतील तर चिंच चालते का? आईने एकदा केली होती, सगळ्यांचे घसे खाजले.

येऊरचा_पाऊस

चालते, पण सढळ हाताने घाला. आणि देठाकडचा पिवळा भाग काढून टाकायचा.

पॅडलमारू

मुंबईकडून यायचं तर अटल सेतूवरून सायकल नेता येते का? जवळपास 22 किलोमीटर, त्यातले सोळा-साडेसोळा समुद्रावरून, काय मजा येईल.

जासईकर

नाही, दुचाकींनाच बंदी आहे, सायकललाही. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच आहे, त्यात सायकल टाकून या. मात्र भरती-ओहोटी बघून निघा. मोरा बंदरात गाळ आहे, मोठ्या सुकतीला लाँच लागत नाही, तासन्‌तास बसावं लागतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी, ते दिवस बरे.

रानवाट

ऑफिसच्या बसमधून लिहितेय, चुका पोटात घाला.

चिरनेर म्हटलं आणि राहवलं नाही. माझं आजोळ तिथलं. 25 सप्टेंबर 1930, अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. आपल्याच रानातलं लाकूड तोडायला बंदी, म्हणून गावंच्या गावं कोयते घेऊन चढली. इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. आठ जण हुतात्मा झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण होता. आजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. ते सांगायचे, त्या दिवशी गावात चुली पेटल्या नाहीत. दर 25 सप्टेंबरला स्तंभापाशी पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात. आजोबा शेवटपर्यंत त्या आवाजाला दचकायचे, आणि तरी दरवर्षी जायचे.

मामा मला सायकलवर अक्कादेवीला न्यायचा. वाटेत करवंदाच्या जाळ्या. तो सायकल आडवी टाकायचा, चपला काढायचा, मग बोलायचा. झाडांकडे बघायला मी तिथे शिकले. ऐन कसा ओळखायचा? मगरीच्या पाठीसारखी साल. हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

उतरायचं आलं, थांबते.

अनघा_नेरूळ

रानवाट, अण्णांनी आम्हाला त्या स्तंभावरची सगळी नावं मोठ्याने वाचायला लावली होती. मला तेव्हा भूक लागली होती, एवढंच आठवत होतं. आज तुमच्यामुळे कळलं की ते चिरनेरलाच का घेऊन गेले.

पॅडलमारू

🙏

भांबुर्डा

मी गेल्या जानेवारीत गेलो होतो. चिरनेरहून साईकडे निघालो, घाटाचा छोटा चढ, दोन्ही बाजूंनी झाडी, हळद्याची शीळ ऐकत उभा राहिलो. खाली गोवा हायवे लागला की मूड जातो, पण तिथून कर्नाळा लांब नाही. सायकल फाटकापाशी लावून अभयारण्यात पायी फिरलो. संध्याकाळी मित्राच्या शेतावर पोपटी. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला कोंबून उलटं जाळात. पाणी घालायचं नाही. त्या वासावर मी परत तीस किलोमीटर चालवू शकतो.

चिंबोरी

म्हणून हे नाव घेतलंत होय! मी फ्लेमिंगोंचं लिहिणार होते, राहिलंच. एवढंच सांगते की पाम बीचवर सकाळी सायकलने जाणाऱ्यांनी भरतीची वेळ बघा. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते पक्षी नेरूळच्या पाणथळींवर येऊन बसतात. माझी लेक सहा वर्षांची, मागच्या सीटवरून ओरडली, "आई, पाणी गुलाबी झालं." हात सोडून टाळ्या वाजवल्या तिने, माझा जीव गेला होता.

अनघा_नेरूळ

सगळ्यांचं वाचतेय. आज आईला फोन केला. अण्णांची सायकल माळ्यावर आहे म्हणाली, मोडीत द्यायला निघाली होती, मी थांबवलं. अठ्ठावीस इंची चाकाचे टायर अजून मिळतात का कुठे? चेन पूर्ण जाम आहे.

जासईकर

मिळतात. दूधवाले, पाववाले अजून तीच चाकं चालवतात, त्यांना विचारा कुठून घेतात. चेन काढून रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा, सकाळी ब्रशने घासा, मग तेल. ब्रेकचे रबर बदलल्याशिवाय रस्त्यावर आणू नका.

अनघा_नेरूळ

रॉकेल कुठलं आता. डिझेल चालेल का?

जासईकर

चालेल. हातमोजे घाला.