लाल पिओनीला पानं भरपूर, कळ्या मात्र वाटाण्याएवढ्या होऊन वाळतात

मधुमालती:

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, कारण नेमकं कुठे बिनसतंय ते लक्षात येत नाहीये.

घरामागच्या वाफ्यात गडद लाल पिओनीचं एक जुनं झाड आहे. आम्ही घर घेतलं तेव्हापासून ते तिथेच आहे, त्यामुळे जात कोणती ते ठाऊक नाही. हिवाळा इथे कडक असतो, जमीन गोठते, म्हणजे थंडी कमी पडते असं म्हणायला जागा नाही. सुरुवातीला फुलं छान आली. तळहाताहून मोठी, आणि पाकळ्यांनी इतकी गच्च की पुंकेसर शोधूनही सापडत नव्हते. मग दरवर्षी फुलं कमी कमी होत गेली. यंदा झाड गुडघ्याच्या वर गेलंय, पानं टवटवीत आहेत, पण कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या आणि तिथेच तपकिरी होऊन वाळल्या. दोन-तीन कळ्यांचे तर देठसुद्धा काळे पडून माना टाकल्या.

दर पानगळीला वाफ्यावर कुजलेल्या शेणखताचा आणि कंपोस्टचा थर पसरते, वसंतात सगळ्याच फुलझाडांना मिळतं ते खत यालाही मिळतं. कुंपणाजवळचं झाड आता मोठं झालंय, त्यामुळे दुपारनंतर सावली येते. उरलेल्या कळ्यांवर मुंग्यांची रांग लागली आहे. मुंग्या मारायच्या का? झाड हलवू का? मला ते गमवायचं नाहीये, त्या लालसारखा लाल बागेत दुसरा नाही.

निळासावळा:

मुंग्यांना हात लावू नका. पिओनीच्या कळीवरची जी हिरवी निदलं असतात ना, त्यांच्या कडांना गोड चिकट रस सुटतो. मुंग्या तो चाटायला येतात, कळी कुरतडत नाहीत. काही जण उलटं सांगतात, की मुंग्या आल्याशिवाय कळी उघडतच नाही. तेही खरं नाही, मुंग्या नसल्या तरी फूल उमलतं. फुलं घरात आणताना देठ धरून हलकेच झटका, म्हणजे झालं. कळ्या का वाळतात ते मात्र जाणकारच सांगतील.

बागवेडी:

मधुमालती, झाड जाणार नाही, काळजी करू नका. पिओनी फार चिवट असते, नीट बसलेलं झाड पन्नास वर्षंही सहज जगतं. पण तुमच्या वर्णनात दोन वेगळे त्रास एकत्र झालेत, ते आधी सुटे करू.

वाटाण्याएवढी होऊन वाळलेली कळी म्हणजे झाडाने कळी धरली, पण पोसता आली नाही. कळी धरायच्या वेळी पाणी तुटणं, उशिरा आलेलं दव गोठणं, सावली, पालाशची कमतरता, यांपैकी काहीही कारण असू शकतं. काळा पडून मान टाकणारा देठ ही मात्र बुरशी आहे, बोट्रायटिस. ओल्या, गार हवेत त्यावर राखाडी लव दिसते. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

माझा पहिला संशय तुमच्या शेणखतावर आहे. खत वाईट नाही, ते पडतंय ती जागा चुकीची आहे. पिओनीच्या गड्ड्यावर डोळे असतात, त्यांतूनच पुढच्या वर्षीचे कोंब निघतात. हे डोळे मातीखाली अडीच ते पाच सेंटीमीटरवर असले पाहिजेत, त्याहून खोल नाही. डोळ्यांना हिवाळ्याची थंडी नीट लागावी लागते. खोल गेलेलं झाड पानं भरपूर देतं आणि फुलायचं थांबतं. आता दर पानगळीला दोन-तीन सेंटीमीटर थर पडत गेला, तर काही वर्षांत डोळे किती खाली जातील ते बघा. फुलं हळूहळू कमी होत जाणं याच्याशी तंतोतंत जुळतं.

तपासायला खुरपं घेऊ नका. एखाद्या खोडाच्या बुडाशी बोटांनीच माती बाजूला करा, खोड जिथे जाड, तपकिरी गड्ड्याला चिकटलंय तिथपर्यंत. उन्हाळ्याच्या शेवटी बघितलंत तर त्या जोडाशेजारी गुलाबी-किरमिजी टोकदार डोळे दिसतील. त्यांची साल इतकी कोवळी असते की नखाचा ओरखडा उठतो, आणि खुरप्याचा धक्का लागला की डोळा पटकन तुटतो. तुटलेला डोळा म्हणजे पुढच्या वर्षीची एक फांदी गेली.

दुसरी गोष्ट नत्र. “सगळ्याच फुलझाडांना मिळतं ते खत” यात नत्र जास्त असेल, तर पानं अशीच फोफावतात. पिओनीला नत्र कमी, स्फुरद-पालाश जास्त असलेलं खत वसंतात कोंब वीतभर झाले की एकदा द्या. तेही गड्ड्यावर नाही, बुंध्यापासून वीतभर लांब, गोल रिंगणात. मातीचा सामू (पीएच) 6.5 ते 7 असला तर झाड खूष असतं. शेणखत पूर्ण कुजलेलं असलं तरी बुंध्याला चिकटू देऊ नका, ती ओल बुरशीला आयतीच मिळते.

तिसरी सावली. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवंच. आणि कुंपणाजवळच्या झाडाची मुळं वाफ्यात शिरली असतील, तर उन्हाइतकंच पाणीही तिथे हरवतंय.

आता तुमचा लाल कोणता ते सांगा, कारण लाल पिओनी म्हणजे एकच झाड नव्हे, आणि निगा त्यावर ठरते. युरोपातल्या जुन्या बागांमधली ऑफिसिनॅलिस ‘रुब्रा प्लेना’ ठेंगणी असते, बाकीच्यांच्या आठवडा-दोन आठवडे आधी फुलते आणि एका देठावर बहुधा एकच फूल देते. चिनी लॅक्टिफ्लोरा घराण्यातले लाल, म्हणजे 1881 सालची ‘फेलिक्स क्रूस’ किंवा 1908 ची ‘कार्ल रोझेनफिल्ड’, उशिरा फुलतात आणि मुख्य कळीच्या बगलेत दोन-तीन छोट्या कळ्या धरतात. या दोन घराण्यांच्या संकरातून 1944 मध्ये ‘रेड चार्म’ आली. ती गडद आणि चेंडूसारखी गोल, आणि इतकी जड की आधाराशिवाय उभी राहत नाही. अमेरिकन पिओनी सोसायटीने तिला 1956 मध्ये सुवर्णपदक दिलं. 1956 चीच ‘बकाय बेल’ मात्र तुमची नसावी, तिच्या पाकळ्यांत पिवळे पुंकेसर स्पष्ट दिसतात. पानं धाग्यांसारखी बारीक असतील तर ती टेनुइफोलिया, पण तुम्ही तसं म्हटलं नाहीत.

तेव्हा बगलेच्या कळ्या आहेत का, ते बघून सांगा.

आता बुरशी. काळा पडलेला देठ निरोगी भागापर्यंत, म्हणजे थोडा खालून कापा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. प्रत्येक कापणीनंतर कात्री स्पिरिटने पुसा. पाणी बुडाशी द्या, पानांवर फवारू नका. पानगळीत सगळी खोडं जमिनीलगत कापून वाफा पूर्ण स्वच्छ करा, बोट्रायटिस त्याच वाळक्या कचऱ्यात हिवाळा काढते. हे एकच काम नेमाने केलं तरी निम्मं दुखणं जातं. तरी दरवर्षी त्रास होत असेल तर कोंब वर येताना ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी करावी, वेष्टनावरच्या प्रमाणातच.

मधुमालती:

बागवेडी, खूप आभार. बगलेत कळ्या आहेत, प्रत्येक देठाला दोन तरी. आणि खोडाच्या बुडाशी बोटांनी उकरून पाहिलं. खोड गड्ड्याला जोडलंय ते जवळजवळ दहा सेंटीमीटर खाली! वरची सगळी माती काळी, भुसभुशीत, म्हणजे कंपोस्टच. मग वरचा थर काढला की झालं, की उपटून दुसरीकडे न्यावं लागेल?

बागवेडी:

म्हणजे तुमचा लाल लॅक्टिफ्लोराचा, बहुधा ‘कार्ल रोझेनफिल्ड’सारखा एखादा. चांगली बातमी आहे.

आत्ता थर खरवडून हलका करा, पण एका दमात पूर्ण उघडं करू नका. गड्ड्याच्या वरच्या भागाला एकदम ऊन लागलं तर तो भाग पोळतो. पंधरवड्याच्या अंतराने थोडं थोडं काढत पाच सेंटीमीटरवर आणा. सावली तशीच राहणार असेल, तर मात्र पानगळीत झाड हलवाच. उत्तर गोलार्धात सप्टेंबर-ऑक्टोबर ही योग्य वेळ. तेव्हा डोळे तयार झालेले असतात, आणि जमीन गोठण्याआधी बारीक मुळांना चार-सहा आठवडे मिळतात. वसंतात हलवलेलं झाड बहुधा रुसतं.

खोडं वीतभर ठेवून कापा, सगळीकडून लांबून खणा, मुळं फार खोल आणि ठिसूळ असतात. बाहेर काढल्यावर पाण्याने माती धुऊन काढा, म्हणजे डोळे मोजता येतात. तासभर सावलीत ठेवलं तर मुळं थोडी नरम पडतात आणि कापताना कमी मोडतात. मग धारदार सुरीने असे भाग करा की प्रत्येकाला तीन ते पाच डोळे आणि दोन-चार जाड मुळं मिळतील. कुजलेला, मऊ भाग निर्दयपणे काढून टाका. एका डोळ्याचा तुकडाही जगतो, पण फुलायला फार वर्षं घेतो. लॅक्टिफ्लोराच्या डोळा नसलेल्या मुळाला सहसा कोंब येत नाही, ‘रुब्रा प्लेना’ला येतो. म्हणून जात विचारली होती.

नवा खड्डा दीड-दोन फूट खोल, निचरा उत्तम, दोन झाडांत तीन फूट अंतर. जिथे आधी पिओनी होती त्याच मातीत परत लावू नका. मातीचा ढीग करून मुळं त्यावर पसरा, डोळे वर. माती भरून पाणी घातलं की झाड थोडं खाली बसतं, म्हणून पाणी मुरल्यावर पुन्हा खोली मोजा. इथेच बहुतेकांची चूक होते.

आणि पुढच्या वर्षी फूल आलं नाही तर हताश होऊ नका. हलवलेलं झाड पहिल्या वर्षी नुसतं मुळं धरतं, दुसऱ्या वर्षी एखादं फूल देतं, तिसऱ्या वर्षापासून खरा बहर येतो. या काळात पुन्हा हलवायचा मोह टाळा. पहिल्या वर्षीची कळी मी स्वतः खुडून टाकते, मनावर दगड ठेवून.

कोरांटी:

मधे बोलतेय, क्षमस्व. माझी लाल पिओनी फुलते छान, पण दोन-तीन दिवसांत जांभळट फिकी पडते आणि पाऊस आला की माती चाटते. यावर काही उपाय?

बागवेडी:

कोरांटी, लाल रंगद्रव्य कडक उन्हात उडतं, गडद जातींत हे जास्त दिसतं. म्हणून लालसाठी मी सकाळचं भरपूर ऊन आणि भर दुपारी हलकी सावली अशी जागा शोधते. जागा बदलता येत नसेल तर बहरात दुपारी वर छत्री किंवा पातळ कापड धरा. फुलं कापायची असतील तर रंग सगळ्यात चांगला कळीतच वाचतो.

माती चाटायचं कारण वजन. भरगच्च पाकळ्यांत पावसाचं पाणी अडकतं. तारेचं गोल कडं कोंब वीतभर असतानाच लावा, पानं त्यातून वर येऊन ते झाकून टाकतात. फुलं आल्यावर बांधलेली दोरी कुरूपच दिसते आणि देठ मोडते. बगलेच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असताना काढल्या तर मुख्य फूल मोठं होतं, पण जडही होतं. बागेत बहर लांबवायचा असेल तर मी त्या ठेवते.

कापायला कळी बोटांनी चाचपून पाहा. घट्ट गोटीसारखी असेल तर ती उमलणारच नाही. रंग दिसू लागलाय आणि दाबलं की थोडी दबते, ती वेळ अचूक. एका झाडावरची निम्म्याहून जास्त फुलं कापू नका, आणि देठ कापताना खाली दोन तरी पानं राहू द्या, गड्डा त्या पानांवरच पोसला जातो. त्याच कारणाने फुलं सरली की बियांच्या शेंगा काढा, पण पानं पानगळीपर्यंत कापू नका. कोरड्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा खोलवर पाणी द्या, पुढच्या वर्षीच्या कळ्या त्याच वेळी डोळ्यांत आकार घेत असतात.

जास्त कळ्या असतील तर पानं काढून कोरड्याच कागदात गुंडाळा आणि फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात (फ्रीझरमध्ये नव्हे) आडव्या ठेवा. दोन-तीन आठवडे सहज टिकतात. बाहेर काढल्यावर देठ पुन्हा तिरका कापून कोमट पाण्यात ठेवा. फळं मात्र त्याच कप्प्यात नकोत, त्यांच्यातून सुटणाऱ्या वायूने कळ्या लवकर खराब होतात.