आधी दहा कन्व्हेन्शन्स पाठ करा, मग टेबलावर या?

बिनहुकमी

परवा इस्पिकएक्का यांनी लिहिलं की ब्रिज शिकून वर्ष झालेल्याने निदान दहा कन्व्हेन्शन्स (भिडूशी ठरलेल्या सांकेतिक बोली) पाठ केल्याशिवाय क्लबातल्या डुप्लिकेटला (तेच पत्ते सगळ्या टेबलांवर खेळून गुण ताडायच्या खेळाला) येऊच नये, "बाकीच्यांचा वेळ फुकट जातो". खाली यादी: स्टेमन, ट्रान्सफर, रोमन कीकार्ड, गर्बर, मायकेल्स, अनयूजवल टू नो ट्रम्प, लँडी, ड्रुरी, बर्गन रेझेस, लेबेनसोल. दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

मी निवृत्तीनंतर शिकले, तिसरं वर्ष चालू आहे. पहिल्या वर्षी माझ्या वहीतही अशीच यादी होती. गेल्या पावसाळ्यातला एक बोर्ड सांगते. आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे बुडालो तर दंड जास्त. मी एक नो ट्रम्प बोलले, म्हणजे १५ ते १७ पॉइंट. डावीकडून डबल पडला. माझ्या भिडूने दोन चौकट काढलं. माझ्याकडे चौकटची सत्ती आणि तिर्री, बस्स. मी शिकलेले की डबल पडला की ट्रान्सफर (चौकट बोलून भिडूला बदाम बोलायला लावणं) बंद, म्हणजे हिच्याकडे लांब चौकट असणार. मी पास. ती शिकलेली की डबलनंतरही ट्रान्सफर चालूच, म्हणजे मी दोन बदाम बोलणार. उतारी पडली, मी डमी मांडली. तिने माझी दोन चौकट पाहिली, मग स्वतःची दोन पाहिली आणि पाण्याचा पेला उचलून पूर्ण प्यायली. आमच्या दोघींत मिळून चार हुकूम, समोरच्यांकडे नऊ. त्यांनी डबलसुद्धा दिला नाही, आम्ही बोली बदलू म्हणून. पाच हात बुडालो, ५०० गेले. तिच्याकडे पाच बदाम होते, माझ्याकडे चार. दोन बदाम आरामात झाले असते.

ट्रान्सफर दोघींनाही येत होतं, पण वेगवेगळं. क्लबातल्या नवशिक्यांचे निम्मे बोर्ड असे जाताना मी पाहते. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की पहिल्या वर्षी तीन-चार कन्व्हेन्शन्स पुरेत, पण प्रत्येकाची पुढची वाट दोघांनी मिळून चाललेली हवी. मध्ये डबल पडला तर? मध्ये कोणी रंग बोललं तर? आपण आधी पास केलेला असेल तर? ही उत्तरं कागदावर नसतील तर दहा काय नि वीस काय.

इस्पिकएक्का

हा दोष कन्व्हेन्शनचा नाही, तुमच्या तयारीचा आहे. गाडी ठोकली म्हणून गाडीच नको, असं म्हणताय तुम्ही.

साधा हात घ्या. भिडू एक नो ट्रम्प, माझ्याकडे चार इस्पिक, अकरा पॉइंट आणि किलवरची दोन फालतू पानं. स्टेमन (भिडूकडे चार इस्पिक किंवा चार बदाम आहेत का, हे विचारणारी दोन किलवरची बोली) नसेल तर मी तीन नो ट्रम्पवर उडी मारणार, समोरचा किलवर खेळणार आणि पहिले पाच हात त्याचे. भिडूकडेही चार इस्पिक असतील तर चार इस्पिक टेबलावर पडलेलं असतं. आणि दोन्ही होत असले तरी डुप्लिकेटमध्ये ४२० आणि ४०० यांतल्या वीस गुणांवर सगळा बोर्ड जातो. हे नैसर्गिक बोलीने कसं शोधणार?

२०१८ साली जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्ण आणलं, एक ६० वर्षांचे, दुसरे ५६. बोलीची शिस्त नसती तर आलं असतं का? १९६९ साली तैवान बर्म्युडा बाऊल या जागतिक स्पर्धेच्या फायनलला पोचलं ते सी. सी. वेई यांच्या प्रिसिजन या बोलीपद्धतीवर. सिस्टिम लागते. भावनेने बोर्ड जिंकता येत नाहीत.

जुना भिडू

आम्ही बोरिवली ते चर्चगेट रोज चौघं, गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी ठेवून खेळायचो. स्टेमन आणि ब्लॅकवुड. तिसरं काही नाही. दादर यायच्या आत दोन डाव.

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती कोणीच करत नाही. बोलीचे क्लास भरतात, उतारीचा क्लास कुठे भरतो? आमच्या क्लबातल्या पोरांना लेबेनसोल तोंडपाठ, पण बाहेर पाच हुकूम असतील तर ते ६८ टक्के वेळा ३-२ पडतात हे सांगावं लागतं. समोरच्याने तीन वेळा रंग दिला नाही तरी त्याची तेरा पानं मोजत नाहीत. परवा एकाने रोमन कीकार्ड लावून सहा बदाम गाठलं, सुरेख गाठलं, आणि मग हुकूम काढायच्या आधी डमीच्या बाजूचे एक्के-राजे वाजवायला बसला. तिसऱ्या हाताला डावीकडच्याने कापलं. काय करायची ती बोली?

ठाणेकर डमी

काकांचं उतारीचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण इथे विषय बोलीचा आहे. बिनहुकमींच्या बाजूने माझाही एक बोर्ड.

नवा भिडू, टेबलावर बसता बसता विचारलं, "कीकार्ड?" तो म्हणाला, "कीकार्ड." झालं बोलणं. कीकार्ड्स म्हणजे चार एक्के आणि हुकमाचा राजा. बदाम हुकूम ठरले, माझ्याकडे इस्पिक आणि बदाम एक्का. मी चार नो ट्रम्प, म्हणजे कीकार्ड्स किती ते विचारलं, त्याने पाच चौकट. मी चौदा-तीस खेळतो, म्हणजे तीन किंवा शून्य. आधीच्या बोलीवरून शून्य शक्यच नव्हतं. दोन आणि तीन पाच, सगळी कीकार्ड्स आमच्याकडे. सात बोलायचा मोह आवरून सहा बोललो. तो मात्र तीस-चौदावाला. त्याच्या हिशोबाने पाच चौकट म्हणजे एक किंवा चार, आणि त्याच्याकडे एकच होतं, बदाम राजा. डावीकडून चौकट एक्का, लगेच किलवर एक्का. पुढचे अकरा हात माझेच होते.

आणि इस्पिकएक्का, यादीत ड्रुरी आहे, लेबेनसोल आहे, पण निगेटिव्ह डबल कुठे आहे? भिडू एक चौकट, उजवीकडून एक इस्पिक, आपल्याकडे चार बदाम आणि आठ पॉइंट. दोन बदाम बोलायला पाच पानं आणि दहा पॉइंट हवेत, पास केलं तर बदाम गेले, डबलने मात्र ते चार बदाम सांगता येतात. हे दर संध्याकाळी दोनदा येतं. लेबेनसोल महिन्यातून एकदा येत असेल.

इस्पिकएक्का

निगेटिव्ह डबल मी कन्व्हेन्शन धरतच नाही, तो पायाच आहे. पण ठीक, यादीत लिहायला हवा होता.

सांगलीची राणी

ड्रुरीचं नाव वाचलं आणि हात थरथरला, म्हणून लिहिते. आठ महिने मी क्लबात पाऊल ठेवलेलं नाही.

माझा नेहमीचा भिडू आला नव्हता, एका ज्येष्ठ खेळाडूंबरोबर बसवलं. मी पहिल्या जागेवर पास. त्यांनी तिसऱ्या जागेवरून एक इस्पिक काढलं. माझ्याकडे सहा किलवर, इस्पिकची एकुलती एक पंजी. मी दोन किलवर बोलले. त्यांनी थेट चार इस्पिक. जोडीच्या बोली लिहायच्या कार्डावर त्यांनी स्वतःच "ड्रुरी" लिहून ठेवलं होतं, म्हणजे माझे दोन किलवर त्यांना इस्पिकचा चांगला पाठिंबा वाटले. मला सांगितलं नव्हतं. पाच-एक फिटमध्ये चार इस्पिक, तीन हात बुडाले. त्यांनी उरलेले पत्ते टेबलावर आपटले आणि आठ टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोळ्या लाटायच्या सोडून इथे कशाला येता?"

कोणी काही बोललं नाही. डायरेक्टर, म्हणजे खेळाचे पंच, दोन टेबलं सोडून उभे होते, त्यांनी पुढच्या राउंडची घोषणा केली. मी उरलेले सहा बोर्ड खेळले. घरी येऊन वही फाडली.

जुना भिडू

ताई, वाईट झालं. पण आम्हीही शिव्या खाऊनच शिकलो. डब्यात माझा भिडू मला अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत झापायचा. अंगाला लावून घ्यायचं नसतं.

बिनहुकमी

काका, तुमचा मित्र तुम्हाला झापायचा आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी जागा धरायचा. राणीताईंना अनोळखी माणसाने आठ टेबलांसमोर बाई म्हणून हिणवलं. दोन्ही एकच कसं? अंगाला लावून घ्यायचं नाही हे तिलाच का सांगायचं, त्याला तोंड आवरायला का नाही?

आमच्या क्लबात गेल्या वर्षी चौदा जण शिकले. आज पाच येतात. उरलेल्या नऊ जणांना मी ओळखते. खेळ अवघड म्हणून कोणी गेलं नाही. बोर्ड संपला की समोरून जी सरबत्ती सुरू होते ना, तिला कंटाळून गेले.

न्यू जर्सीची चौकट

इकडे क्लबात झिरो टॉलरन्सची पाटी असते. भिडूला बोल लावला तर डायरेक्टरला सरळ पेनल्टी लावता येते, आणि दोनदा मी ती लागताना पाहिली आहे. आवाज आपोआप खाली येतात.

मूळ प्रश्नावर: इकडे अनोळखी भिडू मिळाला की "यलो कार्ड" म्हणायचं, की दोघांसमोर एकच छापील पान असतं. डबल पडला तर काय तेही त्याच पानावर. आपल्याकडे क्लबाने असं एक मराठी पान का काढू नये?

इस्पिकएक्का

पाटी लावून खेळ सुधारत नाही. टेबलावर थोडं गरम होणारच, स्पर्धा आहे ही, भिशी नाही. त्या गृहस्थांची भाषा चुकीची होती. पण कार्ड टेबलावर होतं, ते वाचणं हे भिडूचंही काम आहे.

ठाणेकर डमी

"पण" कशाला? ब्रिजच्या कायद्यात ७४वं कलम आहेच सौजन्याचं, खेळाडूने सदैव सभ्यपणे वागावं म्हणून. ड्रुरी ऐच्छिक आहे, ते कलम ऐच्छिक नाही. तुम्ही दहा कन्व्हेन्शन्सची सक्ती करता आणि कायदा वाटाघाटीला काढता.

सांगलीची राणी

इस्पिकएक्का, कार्ड माझ्या हातात आलं तेव्हा पहिला बोर्ड सुरू झाला होता. आणि "भिशी" हा शब्द तुम्ही कोणाला उद्देशून लिहिलात ते मला कळलं. त्या दिवशी टेबलावरही असंच कळलं होतं.

जुना भिडू

राणीताई, माझं मागचं उत्तर मागे घेतो. घरी सुनेला वाचून दाखवलं, ती म्हणाली, बाबा, तुम्ही चूक बोललात.

एक सांगतो. मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात रायबिदपुरा म्हणून गाव आहे. एका गुरांच्या डॉक्टरांनी तिथे शेतकऱ्यांना ब्रिज शिकवला आणि आज त्या गावच्या मुली भारताकडून ज्युनिअर ब्रिज खेळून आल्यात. तिथे कोणी पोळ्यांचं विचारलं असतं तर त्या टेबलापर्यंत पोचल्या असत्या का?

इस्पिकएक्का

काल रात्री उत्तर लिहून पुसलं. आता सरळ लिहितो.

"भिशी" लिहायला नको होतं. राणीताई, माफ करा.

माझा मुलगा बारावीपर्यंत माझ्याबरोबर खेळायचा. हात चांगला होता, फिनेस कुठे घ्यायचा ते त्याला न सांगता कळायचं. एका स्पर्धेत तो आमचं अनयूजवल टू नो ट्रम्प विसरला, मी किलवरच्या खेळात गेलो आणि पहिल्या तीनातून बाहेर पडलो. गाडीत पुण्यापासून नाशिकपर्यंत मी बोलत होतो. तो खिडकीबाहेर बघत होता. त्यानंतर त्याने पत्ते हातात घेतले नाहीत. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. त्याने विसरलेलं कन्व्हेन्शन मीच त्याला आदल्या रात्री शिकवलं होतं.

तरी माझं मूळ मत सगळं सोडत नाही. कन्व्हेन्शनशिवाय वर्षानुवर्षं खेळणारे तिथेच अडकतात, हेही मी पाहिलंय. दहा जास्त झाली, मान्य. पहिल्या वर्षी पाच: स्टेमन, ट्रान्सफर, निगेटिव्ह डबल, कीकार्ड आणि मायकेल्स. पाचाच्या खाली मी येणार नाही.

बिनहुकमी

मायकेल्स मला अजूनही दुसऱ्या वर्षाचं वाटतं, त्याची पुढची वाट फार लांब आहे. कीकार्डही साधं ब्लॅकवुड नीट जमल्यावर. पाच पत्त्यांचे हिशोब करण्याआधी हे तरी कळायला हवं की ब्लॅकवुड एक्के किती ते सांगतो, कुठले ते सांगत नाही, आणि आपल्याकडे एखादा रंग अजिबात नसेल तर ते विचारून उपयोग नाही.

डबलनंतरच्या ट्रान्सफरचं तुमच्या पानावर काय लिहिणार?

इस्पिकएक्का

डबल पडला तर सगळं जसंच्या तसं. मध्ये रंग आला तर सगळं बंद, बोललेला रंग खरा. दोन ओळी आहेत, पाठ होतात.

बिनहुकमी

या दोन ओळी तुमच्या पहिल्या यादीखाली असत्या तर मी एवढं लिहिलंच नसतं.

राणीताई, शनिवारी रात्री साडेनऊला बीबीओवर, त्या ऑनलाइन ब्रिजच्या साइटवर, माझ्यासमोर बसाल? ठाणेकर आणि जुने भिडू काका विरुद्ध बाजूला तयार आहेत. स्टेमन, ट्रान्सफर, निगेटिव्ह डबल, ब्लॅकवुड. पान मी आज रात्री पाठवते, तुम्ही त्यावर खाडाखोड करून परत पाठवा.

सांगलीची राणी

बसेन. पानावर एक ओळ माझी घाला: ड्रुरी नाही. मी आधी पास करून दोन किलवर बोलले तर माझ्याकडे किलवर आहेत.