मदत हवी आहे: नव्या बोर्डवर निन्टेन्डो ६४चे गेम अडखळतात
नवा सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर, ८ कोअर, माली जीपीयू (ग्राफिक्स चिप), ८ जीबी रॅम. रेट्रोआर्चमध्ये (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) प्लेस्टेशन १ पर्यंत सगळं सुरळीत. निन्टेन्डो ६४ लावलं की वेग निम्म्यावर आणि आवाज तुटक. (गेम ६० हर्ट्झचेच आहेत, ५० हर्ट्झच्या युरोपीय ‘पाल’ आवृत्त्या नाहीत.)

पंखा आहे, तापमान ६० अंशांच्या आत, सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर, शेडर (चित्रावरचे इफेक्ट) बंद. १०८०पी वरून ७२०पी केल्यावर जरा सुधारलं, पण समाधानकारक नाही. काल लॉग पाहिला तर ओपनजीएल रेंडरर (चित्र काढणारा भाग) म्हणून ‘एलएलव्हीएमपाइप’, म्हणजे सॉफ्टवेअर रेंडरर! म्हणजे जीपीयू आरामात बसलाय आणि चित्र सीपीयूच काढतोय. बोर्डासोबत आलेला लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) ठेवायचाय, कारण व्हिडिओ डीकोडिंग त्याच्यावरच चालतं. कर्नल न बदलता मेसा या मुक्त ग्राफिक्स लायब्ररीतला, माली जीपीयूसाठीचा पॅनफ्रॉस्ट ड्रायव्हर चालू करता येतो का, आणि कसा?