लक्षणांवरून पक्षाघाताचा प्रकार : लॅक्युनर गटाविषयी शंका

प्रश्नकर्ता :
बॅमफर्ड वर्गीकरण (लक्षणांवरून पक्षाघाताचे चार गट पाडण्याची पद्धत) वाचताना माझा एके ठिकाणी गोंधळ होतो. एका बाजूचा चेहरा, हात आणि पाय पूर्ण लुळे पडलेला रुग्ण ‘लॅक्युनर’ (मेंदूच्या खोल भागातील लहान इजेच्या) गटात बसू शकतो, तर हातपाय शाबूत असून केवळ भाषा बिघडलेला रुग्ण ‘पार्शल अँटीरिअर’ (मेंदूच्या पुढच्या रक्तपुरवठ्याच्या काही भागातील इजेच्या) गटात जातो. लुळेपणा एवढा मोठा असताना इजा लहान कशी मानायची?

उत्तर १ :
लुळेपणा किती आहे यापेक्षा त्याच्या सोबतीला काय आहे, हे येथे महत्त्वाचे असते. कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या बाहेरील थरावर, चेहरा, हात आणि पाय यांची क्षेत्रे दूरवर पसरलेली असतात. पण तेथून निघालेले चेतातंतू इंटर्नल कॅप्सूलमध्ये (मेंदूच्या खोल भागातील चेतातंतूंच्या अरुंद पट्ट्यात) इतके दाटीने एकत्र येतात की, खोलवरची एक बारीक धमनी बंद पडून झालेला १५ मिलिमीटरहून लहान इन्फार्क्टही (रक्तपुरवठा थांबून मृत झालेला भाग) अर्धे अंग लुळे पाडू शकतो. तेवढाच लुळेपणा कॉर्टेक्सच्या इजेमुळे आला असता, तर भाषा, एका बाजूचे भान किंवा अर्धे दृष्टिक्षेत्र बहुधा सोबत गेले असते. कॉर्टेक्सचे कार्य (भाषा किंवा एका बाजूचे भान), दृष्टिक्षेत्र आणि अंगाची शक्ती अथवा संवेदना या तिन्ही बाबी बिघडल्या तर ‘टोटल अँटीरिअर’. तिन्हींपैकी दोन, किंवा केवळ कॉर्टेक्सचे कार्य बिघडले तर ‘पार्शल’.

प्रश्नकर्ता :
मग उच्चार अडखळत असतील तर लॅक्युनर बाद होतो का?

उत्तर १ :
नाही. शब्द सापडत नसणे किंवा समजत नसणे हा भाषेचा दोष. उच्चार अस्पष्ट होणे हा स्नायूंचा. माझ्या मते तपासणीत सर्वाधिक चुका येथेच होतात.

उत्तर २ :
‘पोस्टीरिअर’ (मेंदूच्या मागच्या रक्तपुरवठ्याचा) गट विसरू नये. केवळ अर्धे दृष्टिक्षेत्र गेले असेल, तोल जात असेल, किंवा चेहऱ्याची एक बाजू आणि विरुद्ध बाजूचे हातपाय बाधित असतील, तर तो रुग्ण येथे येतो. चेहरा, हात आणि बोलणे एवढेच पाहणाऱ्या झटपट चाचणीतून असे रुग्ण निसटतात.

उत्तर ३ :
एक पुरवणी. १९९१ साली मांडलेले हे वर्गीकरण इन्फार्क्टच्या रुग्णांसाठी आहे. रक्तस्रावही हुबेहूब अशीच लक्षणे दाखवू शकतो, म्हणून सीटी स्कॅन होईपर्यंत निदानात ‘सिंड्रोम’ (लक्षणसमूह) लिहावे, ‘इन्फार्क्ट’ नव्हे.